नासलेलं दूध

नासलेल्या दुधाचा आंबूस वास घरभर सुटलाय आणि सूनबाई कॅन घासता घासता माझा उद्धार करतेय. मला मात्र माझ्या तरुणपणीच्या दुष्काळातली आमच्या दूधसंस्थेची रांग दिसतेय. तेव्हा प्यायला पाणी नव्हतं, दुधात घालायला मात्र मिळायचं. नुसत्या वासावरून पाणी घातलेलं दूध ओळखणारी मी तिथली मोठी शहाणी.

एका सकाळी रांगेत माझी धाकटी जाऊ कमल हळूच म्हणाली, "आक्का, लई दिसांपासून झोप न्हाई. जगावंच वाटंना."

"मंग चार म्हशींचं शेण जास्त काढ, ढाराढूर झोपशील!"

सगळी रांग हसली. कमलही हसली. माझा विनोद मला इतका आवडला की घरी जाऊन मी तो पुन्हा सांगितला.

चौथ्या दिवशी तिनं जीव दिला. ताप डोक्यात गेला म्हणायचं, असं घरात ठरलं. सुतक फिटल्यावर मी दोघींचे कॅन घेऊन रांगेत उभी राहिले आणि प्रत्येकीला तेच सांगितलं. रडू आलं नाही, काहीच आलं नाही. तिचा कॅन पायानं पुढं सरकवत राहिले, एवढंच आठवतं.

तो बधिरपणा अजून पुरता गेलेला नाही. पण तालुक्याच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडून उघड बोलायला आणि विचारायला शिकले, आणि आता रांगेत मोठ्यानं सांगते, "माझ्या जावंनं जीव दिला. तुला झोप लागती का गं?"

काल गावातली एक नवी सून म्हणाली, "न्हाई, आजी."

मी भरलेला कॅन उन्हातच ठेवला आणि तिच्याजवळ बसले. तिचं बोलून होईस्तोवर दुपार झाली. आज तिला दवाखान्यात न्यायचंय.

सूनबाईला वाटतंय, म्हातारी कॅन विसरली.