मशीन कोण घासणार?

घरात मोठी माणसं असली की किस्से शोधायला बाहेर जावं लागत नाही. मी कॉलेज सोडून पांढुर्ण्याला घरी बसलो तेव्हा तर हाच धंदा होता. गप्प बसायचं, साठवायचं. ऐंशी सालानंतरचे माझे बरेच किस्से एका मशीनभोवती जमलेत.

पांढुर्ण्यात तेव्हा फ्रिज बघायलासुद्धा लोक यायचे, आणि आमच्या मामानं कुवेतहून थेट भांडी धुवायचं मशीन आणलं. कशासाठी, तेही सांगितलं. "शोभाचे हात मोकळे होऊ द्या. मॅट्रिक झाली का कॉलेजात टाका." शोभा माझी धाकटी बहीण. सगळ्या घराची भांडी तिच्याच गळ्यात. अप्पा, म्हणजे आमचे मास्तर वडील, म्हणाले, "हे काय सांगणं झालं?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. ते 'हो' म्हणाले नव्हते.

पहिल्याच दिवशी शोभानं जेवलेली ताटं आत लावली. अप्पांनी एकेक बाहेर काढलं. "उष्टं आत टाकाचं नाई. परदेशी वस्तू आहे."

मग तिनं ताटं राखेनं घासली आणि ती घासलेली ताटं मशीननं धुतली.

मी विचारलं, "मंग मशीनले काम काय?"

"कॉलेज सोडलेल्यानं शिकवू नोको." ताटांचा आणि माझ्या कॉलेजचा संबंध मास्तरांना शेवटपर्यंत सांगता आला नाही.

मामानं दिलेली पावडर संपली. अप्पांच्या मोठ्या भावानं, आमच्या मोठेबाबांनी, शहाणपणा करून कपड्याची पावडर ओतली. फेस दारातून निघाला तो थेट बैठकीत. मोठेबाबा खुर्चीवर पाय वर घेऊन बसले आणि म्हणाले, "शोभे, फडकं आण."

पुढे मशीनमध्ये पांढरा थर चढला, वास सुटला. मग दर रविवारी त्याची आंघोळ. खालची जाळी काढून तिच्यात बसलेली राख खरवडायची. लिंबूसत टाकून मशीन गरम पाण्यावर रिकामं चालवायचं. नंतर खायचा सोडा. शोभानं एकदा दोन्ही एकत्र टाकले, तर माय म्हणाली, "संगं टाकू नोको, नुसता फेस होते, मळ तसाच राह्यते." दाराच्या रबराला सोड्याचा लेप, जुन्या ब्रशनं. शेवटी वासासाठी संत्र्याची सालं.

मोठेबाबा खाटेवरून देखरेख करायचे. "कोपरा राह्यला, शोभे." या माणसानं जन्मात स्वतःचं ताट मोरीपर्यंत नेलं नाही. इकडे लिंबूसतानं पोरीची बोटं चिरली होती.

शोभा मॅट्रिक झाली, तीही सेकंड डिव्हिजननं. मी अप्पांना सांगितलं, "कॉलेजात अॅडमिशन सुरू झाल्या."

ते पेपरमधूनच बोलले, "थांब. सौसरचे पाहुणे पाहाले येऊन राह्यले."

पाहुणे आले. अप्पांनी त्यांना आधी मशीन दाखवलं, मग शोभा. मशीन नुसतं चकाकत होतं. मुलाच्या आईनं आत हात फिरवून पाहिला, मान डोलावली आणि शोभाकडे वळली.

"मॅट्रिक झाली म्हणता. मंग पुढं काऊन नाई शिकत, बाई?"

अप्पा घसा खाकरून काही सांगणार, तोवर शोभानं चहाचा ट्रे खाली ठेवला होता.

"मशीनले घरी एकटं ठेवता येत नाई, काकू."