पाकीटबाई

धडा पूर्ण झाला असं पाकीटबाईंना कधी वाटायचंच नाही. आम्ही आपापल्या संगणकावर धडा चालवून दाखवायचो. चित्रं हलायची, बरोबर उत्तराला टाळ्या वाजायच्या. बाई चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, "छान. आता दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या प्रणालीत उघडून दाखव."

बाई सातपाटीच्या. बोईसरच्या एका संस्थेत आम्ही काही शिक्षक आसपासच्या शाळांसाठी ऑनलाइन धडे बनवायचो, त्या आमच्या प्रमुख. प्रत्येक बैठकीत त्या "पाकीट बांधा, पाकीट बांधा" म्हणत, त्यावरून हे नाव पडलं. त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा त्या हसल्या.

नव्या माणसाला त्या न कंटाळता समजावत. मजकूर, आवाज, प्रश्न, सगळं एका फाइलीत बांधायचं, तेच पाकीट. आत काय आहे आणि कोणत्या क्रमाने, ते सर्वांनी मान्य केलेल्या रीतीने लिहायचं. मुलाने कुठवर वाचलं, किती गुण मिळवले, हे धडा चालवणाऱ्या प्रणालीला कसं कळवायचं तेही ठरलेलं. "मग प्रणाली कुणाचीही असो, तिला आपला धडा चालवता येतो. यालाच मानक म्हणतात. घाबरण्यासारखं काही नाही."

आम्ही घाबरत नव्हतो, वैतागत होतो. आमच्या शाळा ज्या कंपनीची प्रणाली वापरायच्या, तिच्यातच थेट धडा बनवला की काम लवकर उरकायचं आणि दिसायचंही झकपक. एकदा मी म्हटलंच, "बाई, मुलं इथंच शिकतात. धडा दुसरीकडे नेणार कोण?"

बाई तापल्या किंवा हळव्या झाल्या की गावची बोली तोंडात यायची. "मोखाड्याची पोरगी दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाते. तिकडच्या शाळेत येगळी प्रणाली हाय. तिथं तिला हा धडा मिळाया नको? आमी पाकीट नाय बांधलं, तर कसा मिळंल?"

मी पाकिटं बांधू लागले. बाकीच्या काहींनी नाही बांधली.

मग एके दिवशी कंपनीने कळवलं, प्रणाली बंद होतेय. आमची पाकिटं शाळांनी घेतलेल्या नव्या प्रणालीत टाकली. पहिला धडा उघडला, शेवटपर्यंत चालला, पण गुण काही दिसेनात. बाईंचा चेहरा उतरला. मग त्यांच्या लक्षात आलं, मानक तेच, पण नवी प्रणाली त्याची जुनी आवृत्ती वापरत होती. त्याप्रमाणे पाकीट पुन्हा बांधलं आणि गुण उमटले. बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यातल्या गणिताच्या सरांकडे गेली. सरांचे सगळे धडे कंपनीच्या प्रणालीतच बनलेले. सुटी चित्रं तेवढी हाती लागली होती. "मी तेव्हाच सांगितलं होतं," असं बाई म्हणाल्या असत्या तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी खुर्ची ओढली आणि सरांशेजारी बसल्या. "सर, धडे गेले, शिकवणं नाय गेलं. सांगा, पयला प्रश्न काय होता?"

सर सांगत गेले, बाई टाइप करत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून आम्हीही हात लावला.

बाई आता निवृत्त होऊन सातपाटीतच असतात. परवा मी गेले होते. नंदुरबारकडच्या एका शिक्षिकेने आमचा एक धडा आपल्या शाळेच्या प्रणालीत घेतला होता, पण बाईंच्या आवाजातलं निवेदन काढून तिथल्या बोलीत स्वतःचं घातलं होतं. बाईंना वाईट वाटेल म्हणून मी चाचरतच फोनवर तो लावला. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला.

"माझ्यापेक्षा गोड बोलते गं," त्या म्हणाल्या. "तिला विचार, पुढचा कुठला धडा पाठवू?"