मानेतला खड्डा

भिलाईचा प्लँट उभा राहत होता तेव्हा आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक बाई राहायची. आम्हा दोघींनाही थायरॉइडचा कॅन्सर झालेला, दोघींचंही ऑपरेशन नागपूरला, डॉक्टर मात्र वेगळे. तिच्या डॉक्टरानं ग्रंथी आणि जवळच्या दोन-चार गाठी काढल्या. माझ्या डॉक्टरानं गाठींबरोबर स्नायू आणि नसही काढून उजवी मान कानापासून खांद्यापर्यंत साफ केली, आणि माझा उजवा हात डोक्यापर्यंत पोचेनासा झाला. ती मात्र दोन्ही हात उंच करून तारेवर लुगडी वाळत टाकायची आणि बोलताना सारखी गळ्यावरून बोटं फिरवायची. बारीक वण मिरवते मेली, असं वाटून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघताना ती न विचारताच माझ्यामागे बसली आणि माझा अंबाडा घालू लागली. तिची बोटं माझ्या मानेतल्या खड्ड्यात थांबली.

“इथं तं काहीच नाही ठेवलं, बाई. तुमचं बरं आहे.”

“कावून? माहं काय बरं?”

“माह्या गाठी राहून गेल्या असतीन तं? मी रोज चाचपून राहिली.” तिनं माझा डावा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला. “पाहा बरं, काही लागते का हाताले?”