पट्टी लावून खोडलेली ओळ

अंबडच्या आमच्या कारखान्यात मशीन बसवायला एक चिनी इंजिनिअर आला होता. ‘रन’ या इंग्रजी शब्दाचे कानावर पडतील तेवढे अर्थ तो वहीत लिहायचा आणि मला दाखवायचा. माणूस पळतो, मशीन चालतं, दुकान चालवतात. एकदा त्याने विचारलं, नाक वाहतं तेही ‘रन’च का? मला माहीत नव्हतं, पण कामगार ऐकत होते. “असं इंग्रजीत नसतं,” मी ठणकावलं. त्याने पट्टी लावून ती ओळ खोडली.

घरी मोबाईलवर पाहिलं, तर त्याचंच बरोबर होतं. चूक कबूल करायला काय जात होतं माझं? पण जीभ रेटली नाही.

निरोपाच्या चहाला साहेब नाक पुसत आले आणि इंग्रजीत नेमकं तेच म्हणाले. तो अदबीने म्हणाला, “असं नसतं, सर. माझ्या टीचरनी सांगितलंय.” आणि त्याने अभिमानाने माझ्याकडे हात केला.