प्रमाणपत्रासाठी पळवलेला माणूस

गडचांदूरकडच्या एका खाण-ठेकेदारानं मला फसवलं. सावली गावातल्या माझ्या राइस मिलवर कोंडा बघायच्या निमित्तानं आला, माझाच चहा प्याला आणि माझे गफूरभाई घेऊन गेला. त्याचं नाव लिहीत नाही. वाचेल तेव्हा त्याला कळेल.

गफूरभाई माझ्या मिलचे फिटर. बुटके, मेंदीनं रंगवलेली दाढी, खिशात कायम पाना. समोरच्याच्या तोंडाकडे न बघता ते हातांकडे बघायचे. पहिल्या भेटीत मी कामाच्या अटी सांगत होतो आणि हे माझा अंगठा निरखत होते.

“शेठ, हे नख काऊन काळं पडलं? मशीनच्या पट्ट्यात गेलं होतं ना?”

गेलंच होतं. पण पहिल्याच बोलण्यात मी कोणापुढे नमत नाही. “जन्मापासून तसंच आहे,” म्हणालो.

“असन,” ते म्हणाले. “बाकी नऊ सुखरूप आले म्हणायचे.”

मी पोती वाहून मालक झालेला माणूस. आमच्या वेळी हात कापला की कोंड्याची राख दाबायची आणि पुढचं पोतं उचलायचं. त्यामुळे कारखाना निरीक्षकांनी “प्रथमोपचार पेटी कुठे आहे?” असं विचारलं, तेव्हा मी राखेचा डबा दाखवला. त्यानंतर त्यांनी मला जे ऐकवलं, त्यातलं छापण्याजोगं एवढंच: पेटी हवी, तिच्यात ठरवून दिलेलंच सामान हवं, आणि काम चालू असेल तेवढा वेळ प्रशिक्षण घेतलेला माणूस हाताशी हवा.

प्रशिक्षण चंद्रपूरला तीन दिवसांचं होतं. मी शिकवणाऱ्यांना फोन करून म्हटलं, “हात एक, पट्टी एक. तीन दिवस काय शिकवता? दीड दिवसात उरका.” त्यांनी फोन ठेवला. गफूरभाई गेले आणि तीन दिवसांनी प्रमाणपत्र घेऊन परतले ते वेगळेच होऊन.

आल्या आल्या त्यांनी मी आणून ठेवलेल्या नव्या पेटीतून माझी उदबत्ती, जर्द्याची डबी आणि स्टेपलर काढून टेबलावर मांडलं. “शेठ, हे पेटी होय का पानठेला?”

यादीतल्या पट्ट्या निम्म्या आणल्या तर चालतील, असं मी सुचवून पाहिलं. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य आलं, “जखम भाव करत नाई शेठ. जेवढी होते तेवढीच राह्यते.”

पुढं पेटीतला कापूस नाहीसा व्हायला लागला. शोध घेतला तर धान वाळवणाऱ्या बाया त्याच्या वाती वळत होत्या, आणि चिकटपट्टीनं हमाल फाटकी पोती सांधत होते. मी पेटीला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली.

“कायद्यात कुलूप बसत नाई, शेठ.”

“मग चोरी बसते का?”

“वातीले अलग कापूस आणून द्या ना. चोरी आपोआप बंद होते.”

मी ऐकलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात धान बघायला मूल गावाला गेलो होतो, तर भर दुपारी फोन आला. “शेठ, किल्ली कुठी हाय? शांताबाईचा तळहात चाळणीच्या पत्र्यानं चिरला. रगत थांबून नाई राह्यलं.”

“किल्ली माझ्यापाशी आहे. अर्ध्या तासात पोचतो.”

फोन कट झाला.

पोचलो तेव्हा पेटीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून धानाच्या ढिगावर पडलं होतं. धान वाळवणाऱ्या बायांतली शांताबाई पोत्याला टेकून बसली होती. तळहातावर घट्ट पट्टी, हात वर धरलेला, आणि तो हात धरून गफूरभाई उभे. ऑटो दारात येत होता. खोटं कशाला सांगू, माझी नजर आधी पेटीच्या दाराकडे गेली.

“नवी पेटी होती ती!” मी ओरडलो.

“आन् माहा हात जुना होता म्हून चालला अस्ता का, भाऊ?” शांताबाई म्हणाली.

हमाल हसले, बाया हसल्या. गफूरभाई हसले नाहीत. पान्याकडे बोट दाखवून म्हणाले, “याले किल्ली समजा आजपासून.”

दवाखान्यात टाके पडले. डॉक्टरांनी पट्टी कोणी बांधली म्हणून कौतुकानं विचारलं. “आमच्या मिलमध्ये तशी व्यवस्था आहे,” मी छाती काढून सांगितलं. मागून गफूरभाई खाकरले.

पेटीला दार परत बसवलं नाही. शेजारी वातींच्या कापसाची टोपली तेवढी टांगली. पेटीतला कापूस पुन्हा कधी गेला नाही.

मग तो ठेकेदार आला. त्याला प्रमाणपत्रवाला माणूस हवा होता. गफूरभाईंनी मला सरळ सांगितलं, “पोरगी गडचांदूरलेच दिली हाय. नातू मले फोटोतच पायते.”

मी खूप भांडलो. “तुम्हाला शिकवलं कोणी?”

“तुमीच, शेठ. म्हून तर सांगून जाऊन राह्यलो. आता शांताबाईले शिकाले पाठवा. हात फाटला का काय होते, तिले पुस्तकातून सांगा नाई लागत.”

पाठवलं. तीनही दिवस. या वेळी शिकवणाऱ्यांना फोन केला नाही.

गेल्या आठवड्यात गडचांदूरला काम निघालं म्हणून खाणीवर डोकावलो. गफूरभाई फाटकाशी खुर्चीवर बसून ट्रकांचे नंबर लिहीत होते. खाण तिथून इतकी लांब की फक्त धूळ दिसत होती. त्यांचं प्रमाणपत्र ठेकेदाराच्या ऑफिसात चौकटीत टांगलंय म्हणे.

“तुम्ही इथे काय करता? माणसं तर तिकडे आहेत!”

ते ट्रकवाल्याच्या हातांकडे बघत म्हणाले, “तिथी जाऊ देत नाई, शेठ. म्हणते, तुमचा कागद लागते. तुमी नाई लागत.”

तर ठेकेदार, आता उत्तर द्या. मला नको, तुमच्या खाणीत उतरणाऱ्यांना द्या. उद्या दगडाखाली कोणाचा हात आला तर भिंतीवरची चौकट धावत जाणार आहे का? सगळे कामगार उभे करा आणि त्यांच्या तोंडावर सांगा, पट्टी बांधणारा माणूस तुम्ही फाटकावर का बसवलाय. सांगता येत नसेल तर गफूरभाईंना आजच्या आज खाणीत जाऊ द्या. तेही होत नसेल तर चौकट ठेवा आणि माझा माणूस परत करा.