कोट नसलेले आबा

शहाद्यात हेमांगीच्या दुकानात मेलेल्या माणसाला कोट मिळायचा. अख्खा जन्म बंडीवर काढलेला म्हातारा गेला, की घरचे कुठल्याशा लग्नाच्या गर्दीतला त्याचा फोटो आणायचे. हेमांगी त्यातून चेहरा उचलायची आणि कॉम्प्युटरमधल्या तयार कोटावर बसवायची. निळा कोट, लाल टाय, खिशाला पेन. अंगठाबहाद्दरांच्या खिशालासुद्धा तेच पेन! गंधमुक्तीचं, म्हणजे सुतक फिटायच्या दिवसाचं, बॅनर असंच असतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

बाकी लग्नपत्रिका होत्या, पुढाऱ्यांचे वाढदिवस होते, तोरणमाळच्या बायकांच्या मधाच्या बाटल्यांची लेबलं होती. आणि कुणी न सांगता, निव्वळ स्वतःसाठी, ती माणसांचे कामाचे कपडे चितारायची. उसाच्या पात्यांनी फाटलेली बाही, गवंड्याची सिमेंट लागलेली पँट. असली चित्रं घेणार कोण, असं विचारणाऱ्याला ती सांगायची, "कुणी नका घेऊ."

मग गावी, कळसाडीला, तिचे वडील, अमृतआबा, गेले. बॅनर अर्थातच घरच्या पोरीने करायचं. तिने आबांचा केळीच्या बागेतला फोटो घेतला. अंगात रोजचा सदरा, छातीपासून पोटापर्यंत केळीच्या चिकाचे काळे डाग. हेमकांतकाकांनी तो पाहिला आणि त्यांचं डोकं फिरलं.

"आबाले कोट टाक, पोरी."

"आबानी कधय कोट घालेल व्हता का, काका?"

"नही. म्हनीसनच टाक!" काकांनी फोटो बाजूला सारला. "डागवाला सदरा चौकमा टांगशी? लोके हासतीन."

"हासू द्या."

काका तणतणत दुसऱ्या दुकानात गेले. गंधमुक्तीच्या सकाळी त्यांचं बॅनर मांडवाच्या दाराशी लागलं. तोच निळा कोट, तेच पेन. लागणारच, कारण कोटाची ती फाइल हेमांगीनेच त्या दुकानदाराला कधीतरी दिली होती. तिला संताप आला, तो काकांपेक्षा स्वतःचाच जास्त. इतक्यांच्या बापांना आपण हे घातलं! ती शिडी लावून चढली आणि भाऊबंदांच्या देखत काकांच्या बॅनरशेजारी आपलं बॅनर बांधलं. कुणी हसलं. कुणी म्हणालं, पोरीला शिकवून हे असं होतं. तिने गाठ आणखी आवळली.

लोकांची तिला फिकीर नव्हती. धास्ती होती ती आईची. आईला लाज वाटली, तर हे बॅनर हेमांगी स्वतःच्या हाताने फाडणार होती.

तिची आई, रंजनाबाई, बाहेर आल्या. कोटवाल्याकडे त्यांनी परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि पुढे गेल्या. सदऱ्यातल्या आबांपुढे थांबल्या, हात लांबवून छातीवरच्या डागावर बोट ठेवलं.

"हाऊ डाग," त्या म्हणाल्या. "कितला घासा मी. निंघनाच नही."

आणि आबा गेल्यापासून कोरड्या राहिलेल्या त्या बाईने तिथेच हंबरडा फोडला. मांडवात कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने काका उठले आणि आपल्या बॅनरच्या दोऱ्या सोडू लागले. हेमांगीने त्यांच्यासाठी शिडी धरली.

दुकान पुन्हा उघडल्यावर पहिलंच गिऱ्हाईक आजोबांचा फोटो घेऊन आलं. "ताई, कोट टाका."

"कोट कॉम्प्युटरमधून पुसून टाकला," हेमांगी म्हणाली. "ते रोज काय घालायचे, ते घेऊन या, तेच चितारते."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. या घेऊन, मी बसलेय."