चूलबंद आवतण

लोकलनं घोरावाडी स्टेशन मागे टाकलं आणि मी पिशवीतली पत्रिका पुन्हा एकदा चाचपली. शेजारी माझी मुलगी मुक्ता मजेत शेंगा सोलत होती. तिच्या लग्नाची पत्रिका घेऊन आम्ही आंदर मावळात माझ्या आत्याकडे निघालो होतो, आणि आत्यानं माझ्या घरी शेवटचा पाय ठेवला त्याला तीस वर्षं झाली होती.

चूक माझीच. मला लहानाचं मोठं केलं तिनं, बोलायला शिकवलं तिनं. माझं लग्न झाल्यावर चिंचवडला पहिल्या हळदीकुंकवाला ती आली, ‘आमी’, ‘लय’ करत बायकांमध्ये रंगली, आणि मी तिच्या कानाशी लागले, “आत्या, जरा नीट बोल, नाहीतर गप्प बस.” ती गप्प बसली. संध्याकाळी गेली ती गेलीच.

कान्ह्याला उतरलो. टाकव्याच्या पुढं जायला जीप मिळाली, तीही निम्म्या वाटेत पंक्चर. उरलेलं अंतर पायी. भात कापून मोकळी झालेली खाचरं, कुठं चाललेली झोडणी, हवेत पेंढ्याचा वास. गुरं घेऊन चाललेल्या शेजारच्या वाडीतल्या एका आबांनी विचारलं, “कुनाकडं?” मी आत्याचं नाव सांगितलं.

“तिची तुमी कोन?”

“भाची.”

“व्हय? तिला भाची हाये? कदी बोलली न्हाई.”

मुक्ता हसली. मला हसू आलं नाही.

आत्या ओसरीवर तांदूळ पाखडत होती. आम्हाला बघून उठली, पाणी दिलं, तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी वाढली. मायेनं वाढली, पण एक शब्द बोलली नाही. जेवणं झाल्यावर ती पुन्हा सूप घेऊन बसली. मी पत्रिका पुढे केली.

“कागुद कुनाला वाचाया येतोय? आवतान (निमंत्रण) तोंडानं देत्यात.”

“आत्या, सगळ्यांनी लग्नाला अवश्य यायचं हं.”

“ही साहेबीन बोलली. मपली (माझी) भाची कुटं हाये?”

शब्द आठवत होते, जीभ वळत नव्हती. शेवटी लाज सोडली.

“आत्ये, मपल्या पोरीचं लगीन हाये. समद्यांनी यायचं. चूलबंद आवतान हाये.” चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी मांडवात जेवायचं. “आन् आत्ये, तवा मपलं चुकलं.”

तिनं सूप खाली ठेवलं. “मांडवात म्या त्वांड उघडलं, तर चालंल?”

मी काही म्हणायच्या आत मुक्ता बोलली, “आजी, हळदीची गाणी येतात तुला?”

“येत्यात का म्हंजी? तुज्या आईच्या हळदीला कोन गायलं?”

“मग माझ्याही हळदीला तूच गायचं. माईक लावू.”

“माईक नगं. मपला आवाज हाये.” बोलता बोलता तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि मीही रडून घेतलं.

आठ दिवस आधीच येते म्हणाली. निघताना पिशवीभर इंद्रायणी तांदूळ बांधून दिला.

परतीच्या गाडीत मुक्ता मला एकेक शब्द विचारत होती. तिला मी हौसेनं इंग्रजी शाळेत घातलं होतं, घरात गावाकडचा एक शब्द फिरकू दिला नव्हता. मी टाकून दिलेलं माझीच पोर असं मागून घेईल, हे मला कधी सुचलंही नव्हतं. मग तिनं हॉलवाल्याला फोन लावला आणि हळदीचा डीजे रद्द केला.

“अहो, मग गाणी कुठली? हिंदी की मराठी?” फोनमधून आवाज आला.

“मराठी,” ती म्हणाली. माझ्याकडे बघून हसली. “आमच्या घरातली मराठी.”